पाणी घालावं लागू नये अशी जागा

९ जानेवारी

आज ताईने मला बाग समितीची चिटणीस केलं. मी ‘नाही’ म्हणाले होते. पण मुख्याध्यापिका म्हणून उभी हयात काढलेल्या बाईला ‘नाही’ ऐकू आलं, तरी ते विद्यार्थ्याच्या तोंडचं म्हणून सोडून देण्याची सवय असते.

निमित्त तिच्या डोळ्यांचं. मोतीबिंदू उतरतोय म्हणे. अक्षरं पुसट दिसतात, ओळी एकमेकींत शिरतात. तेव्हा रोज सकाळी मी दोन गल्ल्या ओलांडून तिच्या घरी जायचं, तिला पेपर वाचून दाखवायचा, मग समितीचे कागद, आणि मग तिला हाताला धरून बागेत न्यायचं.

“भावोजी आहेत की वाचायला,” मी म्हटलं.

“त्यांना जोडाक्षर आलं की खोकला येतो.”

“ताई, मला खरंच जमायचं नाही गं.”

“का? काय करतेस घरी?”

“आराम.”

“तीन महिने एकाच गाऊनमध्ये केला तर त्याला आराम म्हणत नाहीत. भिंतीला ओल येते तशी तू त्या पलंगाला आली आहेस.”

तीन महिन्यांचं खरं आहे. ऑक्टोबरात आमच्या पेपराने स्थानिक पान बंद केलं आणि पानाबरोबर त्याची वार्ताहरही बंद केली. संपादक फोनवर फार हळहळले, शेवटी मीच त्यांचं सांत्वन केलं. आणायला वार्ता नसली की घराबाहेर पडायलाही कारण उरत नाही, हा शोध मला त्यानंतर लागला.

थकवा मात्र आहे. काहीही न करता माणूस इतका कसा थकतो, हा संशोधनाचा विषय आहे. संशोधनाला उठवत नाही.

११ जानेवारी

नगरपालिकेचा कागद ताईला वाचून दाखवला. मजकूर सरळ आहे. एप्रिल संपेपर्यंत झऱ्याचं पाणी उघड्यावर वाहताना दिसलं, तर बागेचा तो कोपरा समितीकडे. नाही दिसलं, तर टाकं बुजवून वाहनतळ.

“म्हणजे पाणी दाखवा नाहीतर गाड्या लावा,” ताई म्हणाली. “ठीक आहे. चल.”

बागेत गेलो. मी सहा वर्षांनी गेले असेन. फाटकाची कडी तशीच वाकडी, झोपाळ्याची एक साखळी दुसरीपेक्षा आखूड. कोपऱ्यात ते दगडी टाकं, भोवती लोखंडी कुंपण, आत पालापाचोळा आणि कुणाची तरी एक चप्पल. टाक्याच्या वरच्या चढावर निलगिरीच्या झाडांचं कोंडाळं, प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी आणि पाटीवर गेलेल्या माणसाचं नाव. आमच्या वस्तीत माणूस गेला की झऱ्याशी झाड लावतात. ही पद्धत कधी सुरू झाली कोण जाणे.

न्यायशास्त्रात ‘अभाव’ हाही एक पदार्थ मानतात. विद्यार्थिदशेत ते मला पटत नसे. आता पटलं. आमच्या बागेत झऱ्याचा अभाव व्यवस्थित नांदतो आहे. त्याला कुंपण आहे, समिती आहे आणि आता चिटणीसही आहे.

डॉक्टरांचं झाड चढावर, टाक्याच्या बरोबर मागे आहे. बायको असून मी कोंडाळ्याच्या बाहेरूनच पाहिलं. आत चिखल असेल, नवी चप्पल खराब होईल म्हणून.

चिखल कुठून असणार? पाणीच नाही तर.

१८ जानेवारी

समितीची सभा. अध्यक्षांना सगळे मागून ‘ठरावकाका’ म्हणतात, कारण त्यांना चहा हवा असला तरी ते तसा ठराव मांडतात. समोर कोणी म्हणत नाही. मी आज चुकून म्हटलं. त्यांनी ते सन्मान म्हणून स्वीकारलं.

त्यांना झऱ्याचा इतिहास हवा आहे. अधिकाऱ्यांवर छाप पडेल असा.

“चिटणीसबाई, तुम्ही संस्कृतवाल्या. कुठेतरी आपल्या झऱ्याचा उल्लेख सापडेलच.”

“कुठे?”

“कुठेही. जुनं असलं म्हणजे झालं.”

“काका, जुनं म्हणजे किती?”

“ते तुम्ही ठरवा. पण मोजता येणार नाही इतकं असावं.”

मग पिष्टपेषण. दळलेलं पीठ पुन्हा दळलं, चाळलं आणि पुन्हा दळलं. फलित एकच: मी वस्तीतल्या जुन्या माणसांना भेटून खराखुरा इतिहास गोळा करायचा. म्हणजे पुन्हा वार्ताहरकीच, फक्त छापणार कोणी नाही.

ताईच्या घरी येऊन मी टिपण तिला वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, “दुसऱ्या परिच्छेदात खाडाखोड फार झालीय. स्वच्छ लिहून काढ.” तीस वर्षं वह्या तपासलेली बाई. तिला खाडाखोड ऐकूनही कळते.

२ फेब्रुवारी

सोडावाल्या आजोबांकडे गेले. बागेच्या जागी पूर्वी त्यांच्या वडिलांची सोड्याची फॅक्टरी होती. आता ते वरच्या मजल्यावर, खिडकीशी, दोन उशांमध्ये टेकून बसतात. त्यांची सून एकेक वाक्य माझ्यासाठी पुन्हा मोठ्याने म्हणत होती. बहिरे आजोबा होते, मी नव्हे, पण मी तिला थांबवलं नाही.

झरा चढाच्या पोटातून निघायचा. वडिलांनी तिथून टाक्यापर्यंत भाजक्या मातीची नळी टाकली. पाणी इतकं जोरात की बाटल्या भरणाऱ्या बायका एकमेकींशी खुणांनी बोलत.

“एकदा वडिलांना वाटलं, रविवारी फॅक्टरी बंद, तर पाणीही बंद ठेवावं. नळीत गोणपाट कोंबलं,” आजोबा म्हणाले.

“मग?”

“सोमवारी वडील ऑफिसात खुर्चीवर उभे राहून हिशेब लिहीत होते.”

सून म्हणाली, “खुर्चीवर उभे होते.” आजोबा तिच्याकडे पाहून म्हणाले, “त्यांना कळलं गं.”

फॅक्टरी बंद पडली. नळीकडे कोणी बघेना, पाणी पसरलं. चिखल, डास, तक्रारी. नगरपालिकेने बाग केली, पण बागेत गमबूट घालून फिरावं लागे. मग तो निलगिरीचा उपाय निघाला. ते झाड दलदल पिऊन टाकतं.

“आणली कोणी ती झाडं?” मी विचारलं.

आजोबा थोडे हसले. “म्हणजे तुम्हाला माहीत नाही? पहिलं झाड तुमच्या हेडबाईंनी लावलं.”

३ फेब्रुवारी

ताईला विचारलं. ती ताटात मसूर घेऊन खडे निवडत बसली होती. बारीक बारीक खडे काढून एका बशीत ठेवत होती.

“लावलं ना,” ती म्हणाली. “आई गेली तेव्हा. तू परगावी होतीस, परीक्षा होती तुझी. रोपवाटिकेत निलगिरी फुकट देत होते. मी विचारलं, लावू कुठे? तो म्हणाला, झऱ्याशी लावा, तिथे पाणी घालावं लागणार नाही.”

“मग?”

“मग काय. शाळा होती, घर होतं, बाबांचं आजारपण होतं. मला वाटलं, बरं झालं. आईचं झाड वाढेल आणि मला कळशी घेऊन जावं लागणार नाही.” तिने एक खडा उचलून उजेडात धरून पाहिला. “पुढच्या वर्षी ठरावकाकांचे वडील गेले. ते म्हणाले, हेडबाई, तुमचं झाड छान आलंय, कुठे लावलंत? मी सांगितलं. मग सगळेच लावायला लागले.”

“सगळ्यांना तेच हवं होतं तर.”

“काय?”

“पाणी घालावं लागू नये अशी जागा.”

ताईने नुसता पुढचा खडा उचलला. सवयीने बोलायला हवं होतं.

मी तरी वेगळं काय केलं? डॉक्टर गेले तेव्हा ठरावकाकांनी विचारलं, वहिनी, झाड कुठे लावायचं? मी म्हटलं, जिथे सर्वांत ओल असेल तिथे, कारण माझ्याच्याने रोज येणं व्हायचं नाही. रोज सोडाच, एकदाही झालं नाही. पेपर होता, पान होतं, डेडलाइन होती. डेडलाइनसारखी सोयीची नातेवाईक दुसरी नाही. कुठेही जायचं नसलं की ती आजारी पडते.

ताईचे खडे निवडून झाले तेव्हा मसूर लखलखीत होता. डोळ्यांना त्रास नको म्हणून मी बशी उचलायला गेले तर म्हणाली, “राहू दे, हे मला चाचपून कळतं.”

१४ फेब्रुवारी

गेले नाही. पडून राहिले.

अकराच्या सुमारास भावोजी आले. दारातूनच म्हणाले, “चल गं, ती पेपर उघडून बसली आहे. मथळेसुद्धा दिसत नाहीत म्हणते.”

“तुम्ही वाचा ना आज.”

“मी वाचला. माझा आवाज तिला बातमीसारखा वाटत नाही.”

“भावोजी, आज खरंच नको.”

“बरं.” ते आत येऊन खुर्चीवर बसले. बसूनच राहिले. मी चहा केला. तीन कप काढले, मग तिसरा आत ठेवला. संस्कृत वाक्यात जो शब्द लिहिलेला नसतो पण अर्थासाठी धरावा लागतो त्याला अध्याहृत म्हणतात. या स्वयंपाकघरात डॉक्टर अजून अध्याहृत आहेत. कप काढताना तेवढं लक्षात येतं.

भावोजींनी चहा संपवला, खिडकी उघडली, पुन्हा बसले. जेवणाची वेळ होत आली तरी उठेनात. शेवटी मीच चप्पल घातली. माणसाला घालवण्याचा तेवढाच मार्ग शिल्लक होता.

वेळ घालवायला कुठेही बसतात हल्ली भावोजी. निवृत्तीनंतर काहींचं असं होतं.

२७ फेब्रुवारी

नगरपालिकेने पाहणीसाठी इंजिनीअर पाठवली. लहानखुरी, गंभीर चेहऱ्याची, गमबूट घातलेली. तिच्याकडे लांब तारेच्या टोकाला कॅमेरा असतो, तो गटारांच्या पोटात सोडते. आम्ही टाक्यातला पाला आणि ती चप्पल काढून नळीचं तोंड मोकळं केलं होतं. तिने तार आत सरकवली आणि आम्ही सगळे तिच्या हातातल्या पडद्यावर ओणवे झालो.

डॉक्टरांच्या दवाखान्यात मी असा पडदा पाहिला होता. दाढेच्या आत डोकावायचा. डॉक्टर पेशंटला आरशासारखा दाखवायचे: हे पाहा, दुखणं इथे आहे, तुम्ही भलत्याच बाजूने चावताय.

पडद्यावर नुसता तपकिरी धूर. ठरावकाका म्हणाले, “हे पाणी असावं.” इंजिनीअर म्हणाली, “ही माती आहे.” तेवढ्यात आमच्या सगळ्यांच्या मागून ताई म्हणाली, “उजव्या कोपऱ्यात ते केसांसारखं काय आहे?”

इंजिनीअरने कॅमेरा वळवला. खरंच होतं. केसांचा जाड शेपटा, नळी भरून, ओला, काळा. मुळं.

मोतीबिंदूचं असं असतं म्हणे. जवळचं दिसत नाही, पण चकाकणारं दिसतं. एकदा डोळ्याच्या डॉक्टरांना विचारायला हवं. ताई भेटीची वेळ सारखी पुढे ढकलते.

इंजिनीअरने चढावर जाऊन वरून ठोकून पाहिलं, मोजमाप केलं, मग आमच्याकडे न बघता म्हणाली, “सगळीच झाडं पाणी ओढतात. पण नळीत उतरलीत ती या तिन्हींची मुळं. ही दोन जुनी, आणि हे.” हे म्हणजे सर्वांत पुढचं. “याने तर तोंडातच बूच मारलंय. ही तीन निघाली तर पाणी येईल. आत आहे ते, ओल लागतेय.”

तिने पाट्या वाचल्या नव्हत्या. आम्हाला वाचायची गरज नव्हती. आई, ठरावकाकांचे वडील आणि डॉक्टर.

आयुष्यभर या माणसाने लोकांची मुळं काढली. शेवटी स्वतः कुठे जाऊन रुतले.

१ मार्च

सभा. आजवरच्या इतिहासात प्रथमच सगळे वेळेवर आले.

झाडं तोडण्याला तत्त्वतः सर्वांची संमती होती. तत्त्वतः म्हणजे दुसऱ्याची. ठरावकाकांनी ठराव मांडला की एक सोडून एक झाड काढावं, म्हणजे कोणावर अन्याय नको. त्यांनी मोजायला जिथून सुरुवात केली तिथून त्यांच्या वडिलांचं झाड बरोबर सुटत होतं.

“काका, दुसऱ्या टोकाने मोजा,” मी म्हटलं.

त्यांनी दुसऱ्या टोकाने मोजलं. मग पाणी प्यायले.

ताई उभी राहिली. “आईचं काढा,” म्हणाली. “पहिलं मी लावलं, पहिलं माझं निघेल.” आणि बसली. शाळेच्या घंटेसारखं झालं ते. ठरावकाका बराच वेळ टोपी फिरवत होते. मग हळूच म्हणाले, “वडिलांना तसाही निलगिरीचा वास सोसत नसे.”

आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघत नसल्यासारखं.

मी म्हटलं, “चिटणिसाचं काम टिपणं घ्यायचं. मत नोंदवण्याची तरतूद नाही.” वही मिटली, ताईचा हात धरला आणि निघाले. वाटेत लक्षात आलं, की मी भलतीकडे वळत होते तिथे ताईनेच मला ओढून घेतलं होतं.

४ मार्च

एकटी गेले.

पाटी डोळ्यांच्या उंचीवर लावली होती, ती अजून तिथेच आहे. झाड वाढतं ते शेंड्याकडे, हे मला ठाऊक नव्हतं. मी पाटी वर शोधत होते. चारही बाजूंनी साल पाटीवर चढली आहे. नाव जेमतेम उरलंय, खालची ‘दंतवैद्य’ ही अक्षरं झाडाने खाल्ली. दवाखान्यात लवंगेचा वास असायचा. इथे खोकल्याच्या औषधाचा आहे. भलत्याच माणसाच्या दारात उभं राहिल्यासारखं झालं.

मी म्हटलं, “पान बंद झालं.” मग आणखी थोडं म्हटलं. ते इथे लिहीत नाही.

डॉक्टरांकडे एक म्हातारबा यायचे. दाढ पार पोखरलेली, रोज दुखायची, पण काढू देत नसत. म्हणायचे, ती दुखते म्हणून तर कळतं की आहे. डॉक्टर घरी येऊन ते मला सांगायचे आणि हसायचे. मीही हसायचे. म्हातारबा का हसत नसत, ते आता कळतंय.

टाक्याच्या कठड्यावर बराच वेळ बसले. घरी आल्यावर पाय दुखत होते. निदान दुखण्याला कारण होतं.

१९ मार्च

काही लिहिण्यासारखं नाही. इंजिनीअरचा फोन आला. “मॅडम, दोघांची संमती आली आहे. तुमची आली की माणसं पाठवते. एप्रिलच्या शेवटी भराव टाकणारा ट्रक ठरलेला आहे, तो माझ्या हातात नाही.” आवाजात घाई नव्हती, बिचारी दमलेली होती. मी म्हटलं, कळवते.

रोज ताईकडे जाते. पेपर वाचते. तिने या विषयावर चकार शब्द काढलेला नाही. ताई गप्प बसते आहे, ही खरं तर पहिल्या पानाची बातमी आहे.

२३ मार्च

आज पेपर अर्ध्यात ठेवून मीच विचारलं, “तू काहीच कशी बोलत नाहीस?”

“कशाबद्दल?”

“ताई.”

ती खिडकीबाहेर बघत होती. “मी आयुष्यभर बोलले,” म्हणाली. “त्यातूनच ती झाडं उगवली.”

भावोजी उठून आत गेले. आत त्यांना काही काम नव्हतं.

“काढलं तर काय राहील?” मी म्हटलं.

“मला काय ठाऊक. आईचं काढल्यावर काय राहणार आहे तेही ठाऊक नाही. पण एक सांगते, तिथे झाड आहे म्हणून मी निश्चिंत होते. पंचवीस वर्षं. एकदाही गेले नाही, कारण आईची सोय झाली होती ना. तुझ्या वेळी मी तुला थांबवायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, कोरड्या जागी लाव. रोज जाऊन पाणी घाल, रोज रड, कंटाळा येईपर्यंत.”

“मी रडले नाही असं तुला वाटतं?”

“मला काही वाटत नाही. तू सहा वर्षं बातम्या आणल्यास. स्वतःची एकही आणली नाहीस.”

मी पेपर पुन्हा उचलला. हवामानाचा मजकूर होता. तो पुरता वाचला, तापमानासकट. मग म्हटलं, “काढा म्हणून सांग त्या मुलीला.”

“तू सांग. चिटणीस तू आहेस.”

सांगितलं.

५ एप्रिल

माणसं आली. करवती, दोर, आणि खोडाला बांधून ओढायचं हाताने फिरवायचं यंत्र. आईचं झाड सगळ्यांत मोठं होतं, ते पडताना ताईने माझं मनगट धरलं. तिची पकड अजून छडी धरल्यासारखी आहे.

डॉक्टरांचं शेवटी. ते पडलं तेव्हा फारसा आवाज झाला नाही. कापणाऱ्या माणसाने पाटीभोवतीचा लाकडाचा तुकडा कापून माझ्या हातात दिला, काही न विचारता. साल आणि पत्रा आता वेगळे होत नाहीत.

मग नळीच्या तोंडाशी खणून त्या मुळांच्या शेपटाला दोर बांधला. यंत्र कुरकुरलं. दोर ताणला, थांबला, पुन्हा ताणला. मी अशा वेळी दवाखान्यातल्या खुर्चीच्या हातांवर वळलेल्या मुठी पुष्कळ पाहिल्यात. माझ्या तशाच होत्या. मग एकदम सुटलं, आणि माणसाएवढा लांब काळा जुडगा टाक्यात येऊन पडला.

सगळे नळीकडे बघत उभे राहिले. नळी कोरडी.

थोड्या वेळाने ठरावकाका म्हणाले, “अभिनंदनाचा ठराव तूर्त पुढे ढकलावा.”

६ एप्रिल

नाही.

७ एप्रिल

नळीच्या खालच्या ओठाला ओल. इंजिनीअर बोट लावून म्हणाली, “थांबा.” थांबलो. सगळं गेलं आणि वर काही आलंही नाही, असंच व्हायचं असेल, असं मनाशी म्हणत घरी आले. फार थकले आहे. गाऊन घालून पलंगावर पडले. पण खिडकी उघडी ठेवली, कशासाठी ते माहीत नाही. बाग इथून ऐकू येत नाही.

९ एप्रिल

सकाळी ताईकडे पोचले तर ती दारातच, पायांत चपला. “आज पेपर नंतर.”

फाटकापासूनच आवाज येत होता. मोठा नाही, कोणीतरी शेजारच्या खोलीत हळू बोलत असल्यासारखा. पाणी पहिल्यांदा लाल, मग चहासारखं, मग फिकट. मनगटाएवढी धार. सोडावाल्या आजोबांना खुर्चीत बसवून आणलं होतं. त्यांना ऐकू येईना, म्हणून सुनेने त्यांचा हात धारेखाली धरला. ते म्हणाले, “बारीक आहे.” मग हात काढीनात.

ठरावकाका बाजूला तोंड करून नाक पुसत होते. ठराव मांडला नाही.

मी पाण्यात हात घातला. गार होतं. एवढंच लिहिते. वीस वर्षं विशेषणं वापरून वापरून माझी संपली आहेत.

२८ एप्रिल

इंजिनीअर अधिकाऱ्यांना घेऊन आली. ते धार बघून म्हणाले, “अच्छा, म्हणजे खरंच आहे.” कोपरा समितीकडे. ट्रक दुसरीकडे वळवला. इतिहासाचं टिपण मी वाचून दाखवलं, त्यात मोजता येणार नाही इतकं जुनं काही नव्हतं. होता तो एक खुर्चीवर उभा राहिलेला मालक आणि पाणी घालायचा कंटाळा केलेली आम्ही सगळी. ठरावकाका नाराज झाले. मग म्हणाले, फलकावर हेच घालू.

पाटीचा तो तुकडा स्वयंपाकघरात आहे. गरम किटली ठेवायला चांगला आहे. डॉक्टरांना आवडलं असतं, त्यांना काही वाया गेलेलं खपत नसे.

१७ मे

सकाळी ताईकडे. भावोजींनी नवा चष्मा लावला होता.

“परवा डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो,” ते म्हणाले. “दोघांचंही करून घेतलं एकदाचं. माझा नंबर वाढला. आणि हिला ते म्हणाले, बाई, या वयात—”

ताईने त्यांच्यासमोर बिस्किटांची बशी ठेवली. जरा जोरात. भावोजींना खोकला आला. समोर वाचायला जोडाक्षर कुठलंच नव्हतं.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, घाई नको,” ताई म्हणाली. “सध्या कोणीतरी वाचून दाखवलं तर उत्तम. वाच.”

वाचला. मग बागेत गेलो. इंजिनीअरने बजावून ठेवलं आहे की निलगिरी चिवट असते. बुंध्यातून पुन्हा कोंब फुटतात, ते आठवड्यातून एकदा तरी हाताने तोडावे लागतील, नाहीतर वर्षभरात मुळं परत नळीत. किती वर्षं, असं मी विचारलं. ती म्हणाली, ते झाडावर आहे.

म्हणजे पाणी घालावं लागू नये म्हणून जे लावलं, त्याच्याकडे आता मला जन्मभर जावं लागणार.

ताई बाकावर बसली. “मला मेलीला ते कोंब काही दिसायचे नाहीत,” म्हणाली. “आईच्याही बुंध्याचं तूच बघ. हे काम तुझ्याकडेच राहील.”

मी दोन्ही बुंध्यांचे कोंब तोडले. डॉक्टरांच्याला जास्त होते, बोटाएवढे, ताजे, उग्र वासाचे. हात धुवायला खाली धारेकडे निघाले तेवढ्यात मागून आवाज आला.

“पलीकडच्या बाजूला सालीच्या फटीत एक राहिलाय. तांबूस.”

बाक तिथून चांगला लांब आहे. मी परत जाऊन वाकून पाहिलं. होता. तांदळाच्या दाण्याएवढा. तोडला.

ताई झोपाळ्याकडे बघत बसली होती, अगदी निरागस.

उद्या लवकर निघायला हवं. पेपर वाचून दाखवायचा आहे. डोळे अधू आहेत बिचारीचे.